पात्राबाहेरचे पाणी

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीला जो पूर आला, तो आम्हां समावासीयांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. नदीची पातळी पस्तीस फुटांच्याही वर गेली, वसाहतींचे तळमजले पाण्याखाली गेले आणि ज्या रस्त्यांवरून आपण रोज भाजी आणावयास जातो, त्यांवरून होड्या फिरू लागल्या. परंतु पाण्यापेक्षाही लोकांना धास्ती होती ती पाण्याबरोबर येणाऱ्या पाहुण्यांची. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगावयास नको. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, की शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. नदी आपल्या पात्रात असते तोवर त्या त्यांच्या घरी आणि आपण आपल्या घरी. त्या पुराच्या तीन दिवसांत वनखात्याने लोकवस्तीतून चोवीस मगरी पकडल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुरानंतरच्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पुण्यास एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरीस आहे. भिंतीवरची ओल पाहून पुराच्या गोष्टी निघाल्या, मगरींच्या निघाल्या, आणि तो एकाएकी म्हणाला, "सर, आमच्या धंद्यातला सर्वांत जुना रोग नेमका हाच आहे. पाणी पात्राबाहेर जाते आणि मगर घरात येते." त्याच्या कंपनीने त्यावर उपाय म्हणून यापुढचे नवे काम एका नव्या भाषेत लिहावयाचे ठरविले होते. भाषा हा शब्द ऐकून आमचे कान टवकारले. आयुष्य भाषा शिकविण्यात गेले. पण भाषा बदलल्याने घराला कुलूप कसे लागते, हे आम्हांस कधी कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी त्याने जे सांगितले व नंतर आम्ही स्वतः जे वाचून काढले, ते आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आज बृहन्महाराष्ट्रातील कितीतरी घरांतला मुलगा किंवा सून या धंद्यात आहे. ती दिवसभर काय करतात हे मात्र घरच्या वडीलधाऱ्यांस क्वचितच ठाऊक असते.

संगणकाची मेमरी म्हणजे एक लांबच लांब चाळ समजावी. प्रत्येक खोलीस क्रमांक. एखादा प्रोग्राम चालू झाला की तो आपल्या कामापुरत्या खोल्या मागून घेतो, उदाहरणार्थ, वीस. एकविसाव्या खोलीत दुसरेच बिऱ्हाड असते. कधी त्या शेजारच्या खोलीत संगणकाने पुढे काय करावयाचे याची चिठ्ठी ठेवलेली असते. आता वीस खोल्यांच्या धन्याने एकविसावी वस्तू आत ढकलली, तर ती जाईल कोठे? शेजाऱ्याच्या घरात. जुन्या भाषांत तेथे हटकणारा कोणी नसतो. हे अजाणता झाले तर यंत्र बिघडते किंवा बंद पडते. परंतु बाहेरच्या एखाद्या लबाडाने मुद्दाम प्रमाणाबाहेर मजकूर पाठविला आणि त्याच्या शेपटाशी आपल्या हुकमाची चिठ्ठी जोडून दिली, तर ती बरोबर त्या शेजारच्या खोलीत जाऊन पडते. संगणक बिचारा आज्ञाधारक. तो ती चिठ्ठी वाचतो आणि तसे करतो. मगर घरात आली ती अशी. याच रोगाचा दुसरा प्रकार म्हणजे खोली रिकामी करून ती नव्या भाडेकरूस दिल्यावरही जुन्याच्या खिशात किल्ली राहणे. उपमा दोन झाल्या, नदीची आणि चाळीची, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु एकीने भीती समजते आणि दुसरीने कारण.

या रोगावर उतारा असलेल्या भाषांना काय म्हणावे, हाही आम्हांस प्रश्नच पडला. 'स्मृतिसुरक्षित' म्हणावे तर मनुस्मृतीची आठवण होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातील शब्दांसाठी अनेक भाषांचा 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' हा कोश करवून १९३१ साली प्रसिद्ध केला होता. आज तसा कोणी करवून घेईपर्यंत आम्ही मेमरी हाच शब्द वापरतो आणि पुढे जातो.

आता प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातून देशाच्या कंटेनर-व्यापाराचा फार मोठा हिस्सा जातो. त्यातील एक टर्मिनल मार्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या समूहाकडून चालविले जाते. २०१७ साली त्याची वार्षिक क्षमता सुमारे अठरा लाख कंटेनर-एककांची होती. २७ जून २०१७ रोजी या टर्मिनलचे संगणक एकदम आंधळे झाले. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोणत्या जहाजावर चढवावयाचा, कोणत्या ट्रकास फाटकातून आत सोडावयाचे, हे सारे ज्या यंत्रांना ठाऊक होते त्यांनी बोलणे सोडले. काम हातांनी चालविण्याची पाळी आली आणि बंदराबाहेर माल तुंबेल म्हणून केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्यास धावपळ करावी लागली. न्हावा-शेव्याचे कोणाशी वैर नव्हते. हल्ला रोखलेला होता युक्रेनवर; हजारो कोसांवरच्या भांडणातला दगड उरणच्या किनाऱ्यावर येऊन पडला. जगभर मार्स्कला सुमारे चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. कंपनीचे नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर इतके धरले गेले.

नॉटपेट्या हे त्या हल्ल्याचे नाव. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी घेत असे त्या वाटांपैकी एक वाट विंडोजमधल्या एका जुन्या चुकीची होती, आणि ती चूक इतकी साधी आहे, की पाचवीच्या मुलासही समजावी. संगणकांनी परस्परांत फायली वाटून घेण्याच्या भागात एका यादीची लांबी मोजून तो आकडा दुरुस्त करावयाचा होता. समजा, वहीत 'एक लाख' लिहिले आहे आणि त्याच्या जागी 'पंच्याण्णव हजार' लिहावयाचे आहे. लेखनिकाने शेवटचे पाच अंक बदलले. अगोदरचा एक मात्र खोडावयाचा राहिला. झाले एक लाख पंच्याण्णव हजार! त्या प्रोग्रामात अक्षरशः हेच घडत होते: आकड्याचा खालचा अर्धा भाग बदलला जाई, वरचा अर्धा तसाच राही. खोली घेतली एका मापाने आणि माल भरला दुसऱ्या मापाने. उरलेला माल शेजाऱ्याच्या घरात.

ही चूक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एन. एस. ए. ला, पूर्वीच सापडली होती आणि हेरगिरीच्या सोयीसाठी तिने ती किल्ली आपल्याच कंबरेला लावून ठेवली होती, असे मानले जाते. किल्ली चोरीस गेली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती पाठविली; १४ एप्रिलला चोरांनी किल्ली चव्हाट्यावर मांडली; १२ मेला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने तिच्याच साहाय्याने इंग्लंडची रुग्णालये अडवून धरली; आणि जूनमध्ये न्हावा-शेवा. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बाटलेल्या सुधारणेतून झाला होता, आणि एकदा आत शिरल्यावर तो संगणकातले परवलीचे शब्दही चोरीत असे. या दोन वाटा कोणत्याही नव्या भाषेने बुजल्या नसत्या. तिसरी, ती लाख-पंच्याण्णव हजारांची, मात्र बुजली असती. आकड्याची चूक तेव्हाही झाली असती. परंतु माल शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर जाताच त्याला तेथे अडविले गेले असते.

मग अशी बेफिकीर भाषा मुळात केली कोणी? बेफिकीर म्हणणे अन्यायाचे होईल. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा रचली. तेव्हा मेमरी अत्यंत महाग व तुटपुंजी असे. प्रत्येक पावलाला पहारेकरी ठेवणे परवडणारे नव्हते, आणि लिहिणारे मोजके, जाणते होते. त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. त्या विश्वासावर युनिक्स उभे राहिले, पुढे विंडोज व लिनक्स यांचे गाभे उभे राहिले, आणि आज आपल्या खिशातील फोनापर्यंत ती परंपरा आली आहे. धोका मात्र कोणाच्या ध्यानी आला नव्हता असे नव्हे. टोनी होअर या इंग्रज पंडितांनी १९८० सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात बजावले होते, की आपल्या कंपनीने विसेक वर्षांपूर्वी प्रत्येक खणाचा क्रमांक तपासण्याची सोय भाषेत ठेवली होती, गिऱ्हाइकांनीही ती काढू नका असेच सांगितले होते, आणि तरी नव्या भाषा करणारे हा धडा शिकलेले नाहीत.

सीमध्ये 'गेट्स' नावाची एक आज्ञा होती. बाहेरून येणारी ओळ वाचून ठेवणे हे तिचे काम. ओळ किती लांब असावी हे ती विचारीतच नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने सोडलेला मॉरिस वर्म जे मार्ग वापरून पसरला, त्यांत या आज्ञेने उघडी ठेवलेली एक खिडकी होती. तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवरील सुमारे सहा हजार संगणक त्याने आजारी पाडले, असा अंदाज केला गेला. ती आज्ञा सीच्या प्रमाणग्रंथातून काढून टाकली गेली २०११ साली. तेवीस वर्षे! सरकारी खात्यातील फाइलींच्या गतीची थट्टा करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आम्ही शिक्षक मंडळी अशा वेळी काय म्हणतो? "लक्ष देऊन लिही." विद्यार्थ्यास आम्ही हेच विचारले, की तुमची माणसे काळजीपूर्वक का लिहीत नाहीत? तो हसला. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपलाच हिशेब मांडला, तेव्हा दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे सत्तर टक्के या एकाच जातीच्या निघाल्या. गूगलच्या क्रोम ब्राउझरचा हिशेबही जवळजवळ तसाच आला. जगातील निवडक, उत्तम पगाराची, एकमेकांचे लेखन तपासणारी माणसे वर्षानुवर्षे तीच चूक करीत असतील, तर "लक्ष दे" हा उपदेश किती पुरतो, याचा विचार उपदेश करणाऱ्यानेच करावयास हवा. आमच्या स्वतःच्या तीस वर्षांच्या लाल शाईचा हिशेब मांडला तर काय निघेल कोण जाणे. असो.

जावा, पायथन यांसारख्या भाषांत हा धोका पूर्वीपासूनच नाही. परंतु त्यांत रिकाम्या खोल्या झाडणारा एक नोकर प्रोग्रामबरोबर सतत चालू असतो. त्याचा भार व त्याचे मधूनमधून थांबविणे यंत्राच्या अगदी गाभ्यातील कामास मानवत नाही. म्हणून गाभा सीकडेच राहिला. ही कोंडी फोडणाऱ्या भाषेची जन्मकथा मोठी गमतीची आहे. २००६ साली कॅनडातील व्हँकूव्हर शहरात ग्रेडन होअर हा मोझिला संस्थेतील प्रोग्रामर घरी परतला, तो इमारतीची लिफ्ट बंद. तिचे सॉफ्टवेअर कोसळले होते, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. त्याचे घर एकविसाव्या मजल्यावर. जिना चढता चढता, लिफ्टसारखी साधी वस्तूही आपण धड चालवू शकत नाही याचा त्यास संताप आला आणि त्याने नव्या भाषेची जुळणी सुरू केली. तिचे नाव रस्ट. लोखंडाचा गंज असा अर्थ कोणीही करील. पण कर्त्याच्या मनात होती ती पिकांवर पडणारी बुरशी, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचा तांबेरा. कशाही परिस्थितीत तग धरून राहण्याच्या तिच्या चिवटपणाचे त्यास कौतुक होते. मोझिलाने या भाषेस आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती बाहेर पडली.

रस्टचा मुख्य नियम सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा आहे. मेमरीतील प्रत्येक तुकड्यास एका वेळी एकच मालक. मालक गेला की तुकडा मोकळा. झाडणाऱ्या नोकराची गरज नाही. दुसऱ्यास तो उसना देता येतो, पण अटीवर: नुसते पाहणारे कितीही असोत, फेरफार करणारा मात्र एकच, आणि तो करीत असता पाहणारा कोणी नको. उसना घेणाऱ्याची मुदत मालकाच्या मुदतीपलीकडे जाता कामा नये. म्हणजे ती जुन्या भाडेकरूच्या खिशातली किल्ली आपोआप निकामी होते. हे सारे तपासले जाते ते प्रोग्राम चालण्यापूर्वी, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर होत असताना. उतारा चुकला की रूपांतर करणारा तलाठी कागद परत करतो. या तलाठ्यास चहापाणी चालत नाही. खणाचा क्रमांक बरोबर आहे की नाही, हे जेथे अगोदर ठरत नाही, तेथे चालताना तपासले जाते आणि क्रमांक चुकला तर प्रोग्राम जागीच थांबविला जातो.

थांबविला जातो, हेही नीट समजून घ्यावे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सुधारणेमुळे जगातील सुमारे पंचाऐंशी लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्या देशातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हाती पडले. अनेकांनी ते जपून ठेवले असतील. तेथे शत्रू कोणी नव्हता. प्रोग्रामला वीस खण दिलेले होते आणि त्याने एकविसावा उघडावयास हात घातला, एवढेच. अशा ठिकाणी भाषा सुरक्षित असली तरी, चूक सावरण्याची तजवीज लिहिणाऱ्याने केलेली नसेल, तर यंत्र थांबणारच. परक्याची मगर आत येणार नाही, परंतु घरातील दिवा जाऊ शकेल. नव्या भाषेचे गुणगान करणारे हा फरक पुष्कळदा गाळतात.

कंपन्यांनी आता काय चालविले आहे? मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून विंडोजच्या गाभ्यात रस्टचे भाग बसविण्यास आरंभ केला. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्याने सीच्या पंक्तीस रस्टला पाट मांडला. त्यावरून तेथील जुन्या-नव्या मंडळींत वादही पुष्कळ झाले. सर्वांत बोलका अनुभव गूगलच्या अँड्रॉइडचा. २०१९ साली तेथील सुरक्षेच्या चुकांपैकी ७६ टक्के मेमरीच्या होत्या. २०२४ साली त्या २४ टक्क्यांवर आल्या. आणि हे त्यांनी जुने सारे मोडून साधले नाही. जुने होते तसे ठेवले, नवे तेवढे सुरक्षित भाषांत लिहिले. जुन्या लेखनातील चुका वर्षांगणिक सापडत व दुरुस्त होत जातात. सर्वाधिक चुका नव्या लेखनातच असतात. म्हणून नव्याचा उगम शुद्ध केला की थोड्याच वर्षांत प्रवाह निवळू लागतो. आणि ज्या एन. एस. ए. च्या कंबरेला ती किल्ली होती, तिनेच नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांना सल्ला दिला, की बाबांनो, सी सोडा आणि मेमरी सांभाळणाऱ्या भाषा धरा! फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसमधील सायबर-संचालकांच्या कार्यालयानेही तेच म्हटले.

हे सारे ऐकताना आम्हांस मोडीची आठवण होत होती. जुन्या बडोदे सरकारच्या दफ्तरातील मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांस हे पटेल. लेखणी न उचलता सरसर लिहावे, शब्द तोडू नये, ऱ्हस्व-दीर्घाची तमा बाळगू नये. वेग असा की बाळबोध लिहिणारा मागे पडावा. एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे वाचणाऱ्याने अनुभवाने ओळखावयाचे. कसबी कारकुनांस त्या लिपीचा अभिमान होता आणि तो रास्त होता. बाळबोध त्यांना पोरकट वाटली असेल, तशीच रस्टची सक्ती जुन्या सीवाल्यांस वाटते. आमचा विद्यार्थीही कबूल करतो, की पहिले काही महिने त्याचे दहांतले आठ कागद तलाठ्याकडून परत येत आणि संध्याकाळी घरी जाताना स्वतःचीच लाज वाटे.

परंतु मोडी गेली म्हणून मोडी कागद गेले नाहीत. ते कपाटांत आहेत, त्यांत लोकांचे हक्क आहेत, आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बँकांत, रेल्वेत, बंदरांत सीमध्ये लिहिलेले जे कोट्यवधी ओळींचे दफ्तर आहे, ते अजून कित्येक वर्षे चालू राहणार, आणि ते वाचू शकणारी, त्यातली उघडी खिडकी ओळखणारी माणसे लागणार. "मग माझ्या पुतण्याने शिकावे काय?" असे आमच्या सौभाग्यवतींनी मध्येच विचारले. "काकू, दोन्ही," असे उत्तर मिळाले. "सी वाचावयास आणि रस्ट लिहावयास."

निघताना तो म्हणाला, "सर, मुलांना एकदा एकविसावा खण उघडून दाखवा." दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या गुजराती माध्यमाच्या शाळेत आम्ही तो प्रयोग केला. संगणककक्षात दहावीच्या मुलांकडून सीमध्ये वीस विद्यार्थ्यांच्या गुणांचा तक्ता करवून घेतला आणि एकविसाव्याचे गुण मागावयास सांगितले. आमची अपेक्षा, यंत्र कुरकुरेल. त्याने हूं की चूं केले नाही. एका संगणकावर शून्य आले, दुसऱ्यावर नऊ-दहा अंकांची एक संख्या, जिला कोणताही विषय पुरला नसता. मागच्या बाकावरचा एक मुलगा पडद्याकडे पाहत म्हणाला, "साहेब, हा आकडा कोणाचा?"